परेडला आलेला माणूस

रत्नागिरीला काकूच्या घरी रात्रीची पाने आठच्या सुमारास मांडली जातात. त्या दिवशी पाने मांडून झाली होती, पण कुळथाची पिठी अजून गॅसवर रटरटत होती, आणि काकूच्या सहा वर्षांच्या नातवाने आपली भूक जाहीर करण्यासाठी समोरच्या स्टीलच्या ताटावर चमच्याने ठेका धरला. कोणत्याही घरात जे होते तेच झाले. काकूने आतून एक हाक दिली, त्याच्या आईने डोळे वटारले, आणि ठेका आणखी जोरात सुरू झाला. माझ्याबरोबर आलेल्या मुलीने मात्र हातातला तांब्या हळूच खाली ठेवला, भिंतीवरच्या घड्याळात किती वाजले ते पाहिले आणि ती हसली. घड्याळात आठला दोन मिनिटे कमी होती. ही मुलगी मूळची मंडालेची, म्हणजे म्यानमारमधली, ज्याला आपण ब्रह्मदेश म्हणत आलो. पुण्यात आमच्या वरच्या मजल्यावर दोन मैत्रिणींबरोबर भाड्याने राहते आणि पालीचा अभ्यास करते. तिचे नाव मी इथे लिहीत नाही, कारण तिची आई अजून मंडालेलाच आहे.

तिने जे सांगितले ते मला वर्तमानपत्रातून अर्धवट ठाऊक होते. १ फेब्रुवारी २०२१ च्या पहाटे म्यानमारच्या लष्कराने सत्ता हातात घेतली, आणि दुसऱ्या रात्रीपासून आठच्या ठोक्याला शहराशहरांत लोक भांडी बडवू लागले. तिकडे घरातली पिडा हाकलायची असली की पातेली वाजवतात, ही जुनी रीत. तिच्या आईने भाताचे पातेले इतके वाजवले की त्याला पोचा पडला, आणि त्या पोच्यामुळे त्यावरचे झाकण आता नीट बसत नाही, भात शिजायला वेळ लागतो, अशी आई फोनवर तक्रार करते. हे ती गमतीने सांगत होती. मी उत्साहाने म्हटले की आम्हीसुद्धा २२ मार्च २०२० ला गॅलरीत उभे राहून थाळ्या वाजवल्या होत्या. तिने पुण्यात दुकानदारांकडून आणि रिक्षावाल्यांकडून उचललेल्या हिंदीत विचारले, "आप लोग किसको भगा रहे थे?" सगळे हसले. मग ताटात भात वाढून घेताना, हवापाण्याबद्दल बोलावे तशा आवाजात, ती म्हणाली:

"आपका आदमी भी आया था न उधर, परेड में."

मराठी कानाची गंमत अशी की हिंदीतला 'आपका' आपल्याला अर्ध्या क्षणासाठी 'आपला' असाच ऐकू येतो. 'आपला माणूस' हे शब्द आम्ही चौकाचौकांतल्या फ्लेक्सवर वाचत मोठे झालो. वाढदिवसाच्या शुभेच्छा, हात जोडलेला नगरसेवक आणि खाली 'हक्काचा, आपला माणूस'. त्यामुळे कोण हा आपला माणूस, कुठल्या परेडला गेला होता, हे कळायला मला पिठीचे दोन घास जावे लागले. २७ मार्च २०२१. म्यानमारचा सेनादिन. राजधानी नेपिडोमध्ये सेनापती मिन आँग ह्लाइंग यांनी मानवंदना घेतली, आणि त्याच दिवशी देशभरात सैनिकांच्या गोळ्यांनी शंभराहून अधिक माणसे मेली, त्यांत लहान मुलेही होती. त्या परेडला आठ देशांनी आपले प्रतिनिधी पाठवले. रशिया होता, चीन होता, पाकिस्तान होता, आणि आपलाही दूतावासातला लष्करी अधिकारी होता. पुढे परराष्ट्र खात्याने खुलासा केला की आपला दूतावास तिथे काम करतो आहे, अधिकारी आपापल्या जबाबदाऱ्या पार पाडतात, याहून अधिक अर्थ त्यात शोधू नये. माझी बँकेतली छत्तीस वर्षे अशाच भाषेतली पत्रे लिहिण्यात गेल्यामुळे मला ती भाषा चांगली कळते, आणि ती कधी वापरली जाते हेही.

त्या मुलीच्या बोलण्यात आरोप नव्हता. असता तर बरे झाले असते, कारण आरोपाला उत्तर देता येते. लग्नघरी कोण कोण आले होते याची उजळणी करताना एखादे नाव राहून जाऊ नये म्हणून सांगावे, तसे तिने ते सांगितले आणि लोणचे मागितले.

त्या दुपारीच मी तिला थिबा पॅलेस दाखवून आणला होता. डिसेंबर होता, वाटेवरच्या कलमांना मोहर धरू लागला होता आणि उन्हात त्याचा तो किंचित तुरट वास पसरला होता. रत्नागिरीकर ज्या अभिमानाने पाहुण्यांना तो तांबडा वाडा दाखवतात, त्याच अभिमानाने मीही तिला त्याच्या अर्धगोल कोरीव खिडक्या, मागची बुद्धमूर्ती, आणि पॉइंटवरून दिसणारी भाट्याची खाडी दाखवली. लहानपणापासून ऐकलेली वाक्ये माझ्या तोंडून आपोआप येत होती. ब्रह्मदेशाचा राजा आमच्याकडे तीस वर्षे होता. वाडा १९१० मध्ये बांधून झाला, राजा १९१६ मध्ये गेला. मंडालेचा राजा इंग्रजांनी रत्नागिरीत आणून ठेवला आणि रत्नागिरीत जन्मलेले टिळक मंडालेच्या तुरुंगात नेऊन ठेवले, हा योगायोग तर आमच्याकडे शाळेतली पोरेसुद्धा सांगतात. ती सगळे शांतपणे ऐकत होती. तिने एका खिडकीच्या चौकटीवर हात फिरवला, बोट नाकाशी नेले, आणि खाडीकडे बघत विचारले की त्याला इथून समुद्र पार करून जाणारी जहाजे दिसत असतील का. दिसत असणार. शहराच्या दुसऱ्या भागात असलेल्या त्याच्या समाधीपाशी ती जास्त वेळ थांबली. तिने तीन वेळा खाली वाकून नमस्कार केला, आणि उठताना गुडघ्याला लागलेली माती झटकली नाही.

थिबाची गोष्ट सांगताना मी एक भाग नेहमी गाळते, आणि त्या रात्री अंथरुणावर पडल्यावर तोच आठवत राहिला. थिबा काही संत नव्हता. गादीवर आल्यावर, १८७९ मध्ये, त्याच्या राजवाड्यात पाऊणशेच्या वर नातलगांची कत्तल झाली. ती त्याने करवली की त्याच्या सासूने, यावर वाद आहे, पण झाली. इंग्रजी वर्तमानपत्रांनी तेव्हापासून त्याला राक्षस ठरवून टाकले. तरीही त्या राक्षसाला खाली खेचायला इंग्रजांची फौज सहा वर्षे आली नाही. ती आली १८८५ च्या नोव्हेंबरात, जेव्हा थिबाच्या दरबाराने सागवानाच्या ओंडक्यांचा हिशेब चुकता न केल्याबद्दल एका कंपनीला मोठा दंड ठोठावला आणि शिवाय फ्रेंचांशी बोलणी सुरू केली. ती कंपनी म्हणजे बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन, १८६३ साली आमच्या मुंबईत स्थापन झालेली. पंधरा दिवसांत मंडाले पडले. राजाचे क्रौर्य ओंडक्यांचा हिशेब बिघडेपर्यंत सहन करण्याजोगे होते, आणि हिशेब बिघडल्यावर ते एकाएकी असह्य झाले. काकूच्या माजघरात एक मोठे कपाट आहे. आजोबांच्या वडिलांनी मुंबईहून गलबताने आणलेले. त्याच्याबद्दल बोलताना घरातले प्रत्येक माणूस आवाज थोडा उंच करून म्हणते, "अस्सल बर्मा टीक आहे." ते लाकूड कुठल्या जंगलातून आणि कुणाच्या हिशेबातून आले, हे आमच्या घरात कुणी विचारलेले मला आठवत नाही.

पण आपण नेहमीच गप्प होतो, असे म्हणणेही खरे नाही. ब्रह्मदेशाचे नाव मी पहिल्यांदा लक्ष देऊन ऐकले ते १९८८ मध्ये, बँकेत नुकतीच लागले होते तेव्हा, आणि तेही नोटांमुळे. १९६२ पासून देश आपल्या मुठीत ठेवलेल्या ने विन यांनी १९८७ च्या सप्टेंबरात २५, ३५ आणि ७५ क्यातच्या नोटा एका फटक्यात रद्द केल्या, बदली एक पैसासुद्धा न देता, आणि त्यांच्या जागी ४५ आणि ९० क्यातच्या नोटा आणल्या, कारण नऊ हा त्यांचा शुभांक होता. आमच्या शाखेतल्या कॅशियरना ही बातमी इतकी आवडली की ते आठवडाभर ९० रुपयांच्या नोटेवरून विनोद करत होते. (२०१६ च्या नोव्हेंबरात काउंटरबाहेरची रांग बघताना मला त्यांची आठवण झाली, ते तेव्हा निवृत्त झाले होते, रांगेत उभे असतील.) ज्यांची वर्षानुवर्षांची शिल्लक गादीखाली कागद होऊन पडली, ती माणसे पुढच्या वर्षी रस्त्यावर आली. ८ ऑगस्ट १९८८ चा उठाव विद्यार्थ्यांनी सुरू केला आणि मग भिक्खू, डॉक्टर, गोदीकामगार सगळे त्यात उतरले. १८ सप्टेंबरला लष्कराने पुन्हा सूत्रे घेतली, आणि त्या काही आठवड्यांत सुमारे तीन हजार माणसे मारली गेली असे मानले जाते.

त्या वेळी आपण त्या लोकांच्या बाजूने होतो. आपल्या आकाशवाणीची बर्मी सेवा लष्करावर उघड टीका करत होती. तिथले माजी पंतप्रधान ऊ नू यांची मुलगी त्या सेवेत काम करत होती. सीमा ओलांडून आलेल्या विद्यार्थ्यांसाठी मिझोराम आणि मणिपूरमध्ये छावण्या उघडल्या होत्या. १९९० मध्ये दोन बर्मी विद्यार्थ्यांनी खोटा बॉम्ब दाखवत थायी विमान कलकत्त्याला पळवून आणले, तेव्हा आपल्याकडे त्यांच्याबद्दल राग कमी आणि हळहळ जास्त होती. तिथल्या लोकशाही चळवळीच्या नेत्या आँग सान सू ची तर दिल्लीत शिकलेल्या, त्यांची आई तिथे राजदूत होती; म्हणून त्यांचे छायाचित्र पाहिले की आमच्या पिढीतल्या बायकांना आपल्याच घरातली कुणी नजरकैदेत असल्यासारखे वाटायचे. मग नव्वदीच्या दशकात कधीतरी वारे फिरले. कधी फिरले ते सांगता येत नाही, कारण ते कुणी जाहीर केले नाही. १९९५ मध्ये सू चींना नेहरू पुरस्कार जाहीर होत असताना आपली फौज ईशान्येतल्या बंडखोरांविरुद्ध ब्रह्मी फौजेबरोबर मोहीम करत होती, आणि पुरस्काराचे कळताच ब्रह्मी फौजेने हात आखडता घेतला. सरकार त्यातून जे शिकायचे ते शिकले.

२००७ चा सप्टेंबर मात्र मला तारखेनिशी आठवतो. तेव्हा माझी बदली फोर्टातल्या कार्यालयात होती, आणि कॅन्टीनमधल्या टीव्हीवर भगव्या नव्हे, गर्द विटकरी वस्त्रांतल्या भिक्खूंचा एक न संपणारा लोंढा यांगूनच्या पावसात अनवाणी चालताना दिसत होता. १५ ऑगस्टला तिथल्या सरकारने डिझेलचे दर दुप्पट आणि वाहनांच्या गॅसचे पाचपट केले होते, त्यातून हे सुरू झाले. काहींनी आपली भिक्षापात्रे उलटी धरली होती. मला तेव्हा वाटले ते गाणे वाजवण्यासाठी असावे. त्याचा अर्थ त्या मुलीने मला आता समजावला: लष्करातल्या माणसाची भिक्षा आम्ही घेणार नाही. बौद्ध गृहस्थासाठी याहून मोठा बहिष्कार नाही, कारण दान घ्यायलाच कुणी नसेल तर पुण्य जोडायचे कुठे? सेनापतींना पुण्यापासून तोडणारी ती पात्रे रस्त्यावरून चालत असतानाच, २४ सप्टेंबरला, आपले पेट्रोलियम मंत्री मुरली देवरा म्यानमारमध्ये होते, आणि त्यांच्या उपस्थितीत ओएनजीसी विदेशने म्यानमारच्या पश्चिमेकडच्या अराकान किनाऱ्याजवळच्या खोल समुद्रातल्या तीन क्षेत्रांत गॅस शोधण्याचे करार केले. रक्कम पंधरा कोटी डॉलर. देवरा मुंबईचे, एकेकाळचे महापौर, आमच्या कार्यालयाच्या परिसरातून अनेकदा निवडून गेलेले. म्हणजे फ्लेक्सच्या भाषेत अगदी आपला माणूस. त्यानंतर दोन दिवसांनी लाठ्या आणि गोळ्या सुरू झाल्या. २७ तारखेला सुले पॅगोडाजवळ एक जपानी छायाचित्रकार रस्त्यावर पडला, आणि पडल्यावरही त्याचा कॅमेरा धरलेला हात वर होता, हे आम्ही सगळ्यांनी जेवणाच्या सुट्टीत पाहिले.

कुणीतरी म्हणाले, काय ही वेळ करारावर सह्या करायची. आणि उत्तर मी दिले.

मी म्हटले, शेजारी काही बदलता येत नाहीत. आपण नाही घेतला तर तो गॅस चीन घेईल. मान डोलावल्या गेल्या, आणि मला आपण जाणते असल्याचा एक छोटासा आनंदही झाला. आज त्या वाक्याकडे बघताना सर्वांत टोचते ते हे की ते मूर्खपणाचे नव्हते. सोळाशे किलोमीटरहून लांब सीमा, पलीकडच्या जंगलात तळ ठोकून बसलेले आपले बंडखोर, कलकत्त्याहून मिझोरामला समुद्रामार्गे जायची वाट काढण्यासाठी हवे असलेले सित्वे बंदर, या सगळ्या खऱ्या गोष्टी आहेत, आणि सीमेवरच्या जवानाच्या आईपुढे उभे राहून त्या खोट्या ठरवण्याची माझी हिंमत नाही. फक्त गॅसचे पुढे काय झाले ते लिहायला हवे. अराकानच्या ज्या श्वे क्षेत्रात आपल्या ओएनजीसी आणि गेल या दोन्ही कंपन्यांचा हिस्सा होता, तिथला गॅस २०१३ मध्ये वाहू लागला, आणि तो चाउक्प्यू बंदरापासून थेट चीनच्या युनानपर्यंत टाकलेल्या नळातून गेला. आपल्याला हिस्स्याचे पैसे मिळाले, गॅस चीनने नेला. गप्प बसून मी त्या दिवशी जे वाचवले असे समजत होते, ते असे वाचले नाही. सित्वेहून मिझोरामकडे येणाऱ्या त्याच कलादान वाटेवरचे पलेत्वा तर जानेवारी २०२४ मध्ये लष्कराशी लढणाऱ्या अराकान आर्मीने घेतले. म्हणजे ज्या सेनापतींना सांभाळले त्यांच्या हातात ती वाटही राहिली नाही.

मधल्या काळात जे घडले ते थोडक्यात सांगते, कारण त्यात मन रमत नाही. जुलै २०१० मध्ये तिथले सर्वेसर्वा जनरल थान श्वे दिल्लीला आले आणि त्यांनी राजघाटावर पुष्पचक्र वाहिले. चार महिन्यांनी ओबामांनी आपल्या संसदेत उभे राहून ब्रह्मदेशाविषयीच्या आपल्या मौनावरून चार शब्द सुनावले, तेव्हा मला राग आला. अर्ध्या जगातल्या हुकूमशहांना पोसलेल्या देशाने आम्हाला शिकवू नये, असे वाटले, आणि अजूनही वाटते. पण २०१२ च्या नोव्हेंबरात सू ची स्वतः दिल्लीत आल्या आणि आमच्या सगळ्यात कठीण दिवसांत भारत आमच्यापासून दूर गेला याचे दुःख झाले, अशा अर्थाचे बोलल्या, त्यावर मला राग आणता आला नाही. पुढे २०१९ मध्ये याच सू ची हेगच्या न्यायालयात रोहिंग्यांवरच्या अत्याचारांबाबत लष्कराची बाजू मांडायला उभ्या राहिल्या. त्यांच्याबद्दल विचारले तर ही मुलगी फक्त "वो भी" म्हणते आणि पुढे बोलत नाही. त्याच २०१२ च्या डिसेंबरात राष्ट्राध्यक्ष थेन सेन, जे भिक्खूंवर गोळ्या झाडणाऱ्या राजवटीत वरच्या पदावरचे जनरल होते, आमच्या रत्नागिरीत थिबाच्या समाधीवर फुले वाहायला आले. काकूला त्या दिवसाचे एवढेच आठवते की पोलीस बंदोबस्तामुळे मासळीबाजाराकडे जाता आले नाही. मी हे त्या मुलीला सांगितले तेव्हा तिने विचारले, समाधीवर फुले कुठे ठेवली होती त्याने? मला ठाऊक नव्हते. तिला बहुधा आपण नेमके कुठे वाकलो ते आठवून पाहायचे असावे.

आणि तरी 'आपला माणूस' एकच नसतो. मार्च २०२१ मध्ये केंद्राने सीमेवरच्या राज्यांना पत्र पाठवून येणाऱ्यांना अडवायला सांगितले. मणिपूरच्या गृहखात्याने तर आदेश काढला की छावण्या उघडू नयेत, आणि आश्रय मागायला आलेल्यांना 'नम्रपणे' परत पाठवावे. बोंबाबोंब झाल्यावर तीन दिवसांत तो मागे घेतला. मी त्या 'नम्रपणे' या शब्दाशी बराच वेळ अडखळते. तो ज्याने घातला असेल त्याला रात्री झोप लागली नसावी, असे मला उगीच वाटते. मिझोरामने मात्र ऐकले नाही. मुख्यमंत्री झोरामथंगा यांनी पंतप्रधानांना लिहिले की पलीकडचे चिन जमातीचे लोक आमच्या रक्ताचे आहेत, आम्ही त्यांच्याकडे पाठ फिरवू शकत नाही. आणि ज्या राज्याची लोकसंख्या आपल्या एखाद्या मध्यम शहराएवढी, त्याने तीस हजारांहून अधिक माणसांना घरांत, चर्चच्या सभागृहांत, बांबूच्या झोपड्यांत ठेवून घेतले. दुसरीकडे, सत्ताबदलानंतर दोन वर्षांत भारतातून पाच कोटी डॉलरहून अधिक किमतीची शस्त्रे आणि सामग्री तिथल्या लष्कराला गेल्याचे संयुक्त राष्ट्रांच्या विशेष प्रतिवेदकाने मोजून सांगितले. रशियाचा आकडा चाळीस कोटींचा आहे, आपला त्यापुढे किरकोळ. बँकेत किरकोळ रक्कमही खात्यावर लिहावीच लागते.

सकाळी आम्ही निघालो तेव्हा काकूने प्रवासासाठी घावने बांधून दिली आणि त्या मुलीला काही तरी द्यायचे म्हणून माजघरातले कपाट उघडले. ओढून घेतलेल्या दाराबरोबर जुन्या लाकडाचा, डांबराच्या गोळ्यांचा आणि घडी मोडलेल्या लुगड्यांचा वास बाहेर आला. मुलीने दाराच्या कडेवर बोटाच्या पेराने दोनदा ठोकून पाहिले, कान जवळ नेला, आणि मला विचारले की हे कुठले लाकूड. मी नेहमीच्या उंच आवाजात सांगायला तोंड उघडले होते, पण मला ते वाक्य पुरे करता आले नाही. तिने ते स्वतःच पुरे केले. "ये तो हमारा है," ती हसत म्हणाली.

काकूला हिंदी बरे कळते. तिने हातातले नेसूचे पातळ मुलीच्या खांद्यावर टाकले आणि म्हणाली, "तर मग ने गो बाय. पण आधी माझ्या ह्या लुगड्यांची कुठे तरी सोय लावून दे."

मुलीला हे मराठी समजले नाही, म्हणून ते मला हिंदीत सांगावे लागले. ती काकूकडे बघून पुन्हा हसली, मग वाकून तिने कपाटाच्या खालच्या फळीखाली हात घातला, जणू ते उचलून बघत होती, आणि मान हलवली. फार जड होते.